चिबूड का फुटतो आणि कवंडळ टांगावं का : माटवीवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. माटवीवरच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवून टांगायच्या लाकडी चौकटीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर विरोध केलात, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : माटवीच्या नावाखाली रान ओरबाडलं जातं, पाच दिवसांत निम्मी फळं सडून गणपतीवर गळतात, टांगायच्या वस्तूंच्या यादीतली कवंडळ (रानवेलीचं फळ) आणि कळलावी (रानफूल) विषारी असूनही लेखात तसा इशारा नाही, त्यापेक्षा पीव्हीसी पाइपची चौकट, नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकची फळं एकदाच आणावीत, म्हणजे कटकट मिटली. शिवाय ‘खरा शब्द माटोळी’.

विषाचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. कळलावीच्या सगळ्याच भागांत विष असतं, कंदात सर्वांत जास्त. फूल दिसायला ज्वाळेसारखं, म्हणून माटवीत शोभतं; पण घरात रांगतं मूल असेल तर ती आणूच नका. कवंडळाचं फळ लालभडक, मुठीत मावणारं आणि चव कडू जहर. मोठं माणूस एका चाटण्यातच थुंकेल, लहान मूल थुंकेलच असं नाही. कवंडळ टांगायचंच असेल तर मधोमध, हात न पोचेल असं, आणि किती टांगली ते मोजून. फुललेला तेरडा, कांगण्यांचे घोस यांनीही रंग येतो. कांगण्याचं पिवळं फळ उकलून आतली केशरी-तांबडी बी दिसू लागली की कवंडळाची आठवणही होत नाही. मात्र कांगणेही खायची वस्तू नव्हे.

आता गळण्याचं. निम्मी फळं सडली असतील तर दोष माटवीचा नाही, निवडीचा आणि बांधणीचा आहे. सगळ्यात जास्त दगा देतो चिबूड, म्हणजे काकडीच्या कुळातलं खरबुजासारखं फळ. पिकला की तो आपोआप उकलतो, तो त्याचा स्वभावच. दीड दिवसाच्या गणपतीला पिवळसर झालेला चालेल. पाच किंवा सात दिवसांचा असेल तर हिरवट, टणक आणि देठ घट्ट असलेलाच घ्या. देठाला वेलीचा दोन-दोन इंचांचा आडवा तुकडा दोन्ही बाजूंनी राखून कापायला सांगा. गाठ त्या आडव्या काडीखाली अडकते. नुसत्या देठाला मारलेली गाठ देठ सुकला की सुटते. तरीही वजन देठावर सोडू नका. सुतळीचं चार पदरी शिंकं करून चिबूड त्यात बसवा आणि देठाची गाठ फक्त आधाराला ठेवा. केळीच्या घडापासून तो लांब हवा, कारण पिकणाऱ्या केळ्यांतून निघणाऱ्या वायूने शेजारची फळंही लवकर पिकतात. तवसं (मोठी काकडी) पिवळं पडलं तर बिघडत नाही, चिबूड मात्र थेट शाडूच्या मूर्तीवर फुटतो, आणि कच्च्या मातीवर रस पडला की रंग गेलाच म्हणून समजा.

वजनाचा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत. न सोललेल्या 5 नारळांचा घड 7-8 किलो, केळीचा घड 10-12, चार शहाळी 8, सुपारीचं शिपटं (घोस) 2-3, दोन चिबूड 3, तवशी 2, तोरंजन (पपनसासारखं फळ) 1. झाले की नाही 35 किलो? पीव्हीसीचा पाइप एवढ्या वजनाने मधोमध वाकतो, आणि नेमक्या त्याच्याखाली गणपती. सागवानाची किंवा फणसाची चौकट, आडव्या-उभ्या पट्ट्यांत वीतभर अंतर, चार कोपऱ्यांत चार कड्या. जड वस्तू कोपऱ्यांजवळ, समोरासमोर तोलून : एका कोपऱ्यात केळी, तिरप्या समोरच्या कोपऱ्यात नारळ. मध्यभागी फक्त हलकं. सर्वांत खाली लोंबणारी वस्तू मुकुटापासून निदान वीतभर वर हवी, आणि समईच्या ज्योतीवर काहीच नको. सुकलेला तेरडा आणि आंब्याचे टाळ (पानांच्या डहाळ्या) भराभर पेटतात. टाळ आत आणण्याआधी अंगणात चांगले झटका, तांबड्या मुंग्यांची घरटी पानांतच असतात. माटवी तृतीयेलाच बांधून व्हावी, हाताने जोरात हलवून पाहावी आणि मगच खाली मूर्ती बसवावी.

नायलॉन गुळगुळीत देठावर सरकतो, म्हणून नको. जुनी पद्धत कुंभा या रानझाडाच्या सालीच्या दोरीची. ती भिजवून, ओली असतानाच बांधायची. वाळलेली वळवायला गेलात की तुटते. पण इथे तुमचा पहिला मुद्दा खरा ठरतो. साल खोडाभोवती पूर्ण गोल सोलली की झाड मरतं. ज्याला एक फांदी तोडून तिची साल काढणं जमत नाही, त्याने सुतळी वापरावी. हलक्या वस्तूंना केळीच्या खोडाचं सोपट पुरतं. देव रागावणार नाही.

रान ओरबाडण्याबद्दल एवढंच म्हणेन की सगळ्या माटव्या एका मापाने मोजू नका. घरची माटवी पंधरा-वीस वस्तूंची, त्यातल्या बहुतेक परसातल्या नाहीतर मळ्यातल्या : नारळ, सुपारी, केळी, तवसं, चिबूड, आंबाडे, निरफणस. रानातून येतात त्या चार-पाच. गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, तिथे वस्तूंची संख्या शेकड्यांत जाते. त्यामुळे वनस्पतींची ओळख टिकते हे खरं, पण केवळ आकडा वाढवायला एखाद्या दुर्मिळ वेलीचं एकुलतं एक फळ तोडणं मलाही पटत नाही. म्हापसा किंवा सावंतवाडीच्या बाजारात माटवीचं सामान घेताना ज्या फळाचं नाव विकणारीलाही सांगता येत नाही, ते घेऊ नका. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये किंवा परदेशात नारळ, सुपारी, केळी, काकडी आणि आंब्याचा टाळ या पाच वस्तूही पुरतात. प्लॅस्टिकची द्राक्षं लावायची तर सरळ तोरण लावा, त्याला माटवी म्हणू नका.

शब्दाचं म्हणाल तर गोव्यात माटोळी, सिंधुदुर्गात माटवी. कोकणीत माटव म्हणजे मांडव. दोन्ही नावं बरोबर.

वाया जाण्याबद्दलही बोललात. विसर्जन झालं की त्याच संध्याकाळी माटवी उतरवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. केळी, चिबूड, तवशी प्रसाद म्हणून शेजारीपाजारी वाटा. नारळ घरात लागतातच, बेडे (सालीसकट सुपाऱ्या) उन्हात वाळवून ठेवले की सुपारी झाली. तेरडा, टाळ माडाच्या आळ्यात टाका. आणि कवंडळ बांधताना सात असतील तर उतरवल्यावरही सात मोजा, मगच पुरून टाका.