माझी चकली तोंडात, आणि म्हणे टॅरिफ समोरचा देश भरतो

ऑक्टोबर २०२५, न्यू जर्सीतली दिवाळीची पार्टी. पाचवी चकली. मी मोजत होते. पाचवी तोंडात घालून, बोटांचे तीळ यजमानांच्या सोफ्यावर झटकत टेस्लादादा म्हणाले, "बेसिकली टॅरिफ समोरचा देश भरतो. आपल्याला काही फरक पडत नाही."

समोरचा देश! अहो, तुमच्या समोर मी बसले होते, आणि मीच भरलंय. ९६ डॉलर आयात ड्युटी. कुरियरवाल्याने लिंक पाठवली, आधी पैसे भरा मगच डबा सुटेल म्हणाला, आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून कार्डाचा नंबर टाकला. तो डबा, त्यातली चकली, ती तुमच्या गालात. आणि वर मला म्हणे, "शॉर्ट टर्म पेन आहे गं, लाँग टर्म गेन बघ."

आईचा फराळ दरवर्षी पोस्टाने येतो. कापडात शिवलेलं पार्सल, वर जाड मार्करने लिहिलेला एडिसनचा पत्ता. त्या वर्षी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्टला गेली, आणि भारतातल्या पोस्टाने त्याच्याही आधीपासून अमेरिकेची पार्सलं घ्यायचं थांबवलं. आईला याचा पत्ता कुठे? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती गुडघे सांभाळत रिक्षाने गेली, आणि खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आजी, अमेरिका बंद आहे." आमच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. फोन. "काय गं, अमेरिका बंद आहे म्हणतात, तुम्ही बरे आहात ना?" आणि १ तारखेपासून बजेटच्या भांडणापायी इथलं सरकारी कामकाज खरंच बंद होतं, म्हणजे तो माणूस खोटं बोलला असंही म्हणता येईना.

मग कुरियर. चकल्या, अनारसे, लेकीसाठी परकर-पोलकं आणि मी गेली चार वर्षं मागत असलेला पितळी सोऱ्या. आईने किंमत प्रामाणिकपणे १४,००० रुपये लिहिली, कारण ती निवृत्त शिक्षिका आहे आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर तिला रात्री झोप येत नाही. भारतातून येणाऱ्या मालावर ट्रम्पने तेव्हा लावलेलं टॅरिफ, ऑगस्टच्या सुरुवातीला २५ टक्के, २७ ऑगस्टपासून भारत रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५. माझ्या आईने आयुष्यात रशियाचं तेल घेतलेलं नाही. ती शेंगदाण्याच्या तेलात तळते.

हे सगळं मी तिथे सांगितलं असतं. पण टेस्लादादांना मध्ये थांबवता येत नाही. ते "बेसिकली" म्हणतात आणि श्वास दुसऱ्या "बेसिकली"लाच घेतात.

आणि मग एनपीआरवहिनी (एनपीआर म्हणजे इथला बातम्यांचा सार्वजनिक रेडिओ) उतरल्या. झालं. शनिवारची संध्याकाळ, खाली मुलं फुलबाज्या लावतायत, आणि वर यांचं २०१७ ते २०२५ सुरू, दादा ट्रम्पच्या बाजूने, वहिनी बायडनच्या. त्यातून आदल्याच दिवशी सप्टेंबरचा महागाईचा आकडा आलेला, ३ टक्के. दादा म्हणाले, बघा, फक्त तीन. वहिनी म्हणाल्या, बघा, तब्बल तीन. एकच आकडा, एकच फोन, दोघेही जिंकले. नोकऱ्यांचा आकडा सरकार बंद असल्यामुळे आलेलाच नव्हता, तर त्यावरही पाऊण तास! ऑगस्टमध्ये नोकऱ्यांचे आकडे आवडले नाहीत म्हणून ट्रम्पने ते खातं चालवणाऱ्या बाईंनाच काढून टाकलं, त्यावर दादा म्हणतात, "बेसिकली, चुकीचे आकडे काढत होत्या." तुमच्या वजनाच्या काट्याचंही असंच करा, दादा.

लहानपणी आमच्या गल्लीत एक मुलगा होता, आउट झाला की म्हणायचा ट्राय बॉल होता. ही सगळी त्याची भावंडं. एप्रिल २०२०ला बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली? तो कोविड, तो धरायचा नाही. फेब्रुवारी २०२०ला साडेतीन होती? ती धरायची. बायडनच्या काळात नोकऱ्या वाढल्या? त्या गेलेल्याच परत आल्या, ट्राय बॉल. २०२३ला बेकारी ३.४वर आली? ती मात्र वहिनी फ्रेम करून लावतील. जून २०२२ची ९.१ टक्के महागाई? ती युद्धामुळे, सप्लाय चेनमुळे, कंपन्यांच्या हावेमुळे. बायडनने मार्च २०२१ला वाटायला काढलेल्या १.९ ट्रिलियन डॉलरमुळे? छे छे, त्याचा काय संबंध!

वहिनींचा राग माझ्या मनात जुना आहे. २०२२मध्ये मी पेट्रोल पाच डॉलर झालं म्हणून रडत होते, तर म्हणाल्या, "टेम्पररी आहे, तू बातम्या नीट ऐकत नाहीस." मग २०२४मध्ये सांगायला आल्या, महागाई उतरली. वहिनी, महागाईचा दर उतरला म्हणजे तूरडाळ उतरली असं नव्हे. पाच मजले वर गेलेली लिफ्ट आता हळू वर जातेय, एवढंच. तुम्ही तळमजल्यावर असल्यासारख्या टाळ्या वाजवताय.

आणि दादा? यांची स्टाफिंगची कंपनी. २०२०ला कोविडमध्ये सरकार धंद्यांना देत होतं ते पीपीपीचं कर्ज घेतलं, माफ करून घेतलं, आणि आता "फुकट वाटल्यामुळे लोक आळशी झाले" यावर प्रवचन. २०२१ला घराचं कर्ज पावणेतीन टक्क्यांवर आणलं आणि तेव्हापासून व्याजदरांवर बोलायला मोकळे. मी घर घेतलं ऑक्टोबर २०२३मध्ये, तीस वर्षांचा दर ८ टक्क्यांना टेकला होता तेव्हा. माझ्याशी लाँग टर्मवर बोलू नका. माझी लाँग टर्म २०५३मध्ये संपते.

शिवाय म्हणे, "आयकरातली प्रॉपर्टी टॅक्सची वजावट ४० हजार डॉलरपर्यंत नेली, न्यू जर्सीवाल्यांनी पेढे वाटायला हवेत." अहो, पण २०१७च्या कायद्यात दहा हजारांची टोपी घातली कोणी? याच ट्रम्पवाल्यांनी. आपल्याला टोपी घालायची, आठ वर्षांनी जरा सैल करायची, आणि पेढे आपणच वाटायचे.

यजमानांच्या विजेच्या बिलावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. त्या जूनपासून राज्यातल्या बहुतेकांचं बिल भरमसाट वाढलं होतं. पण त्यात दोन राष्ट्राध्यक्षांना एकमेकांवर फेकता येत नाही ना, मग मजा काय!

सगळ्यात कळस एच-वन-बीचा, म्हणजे इथे नोकरीला येणाऱ्यांच्या व्हिसाचा. १९ सप्टेंबर, शुक्रवार. एक लाख डॉलर फी, रविवारी लागू. माझा चुलतभाऊ पितृपक्षासाठी गावी गेलेला. त्याच्या कंपनीची मेल आली, चोवीस तासांत परत या. रविवारी सर्वपित्री. पोरगं पान वाढायचं सोडून मुंबईच्या विमानतळावर, तिकिटाला तिप्पट पैसे मोजून. शनिवारी खुलासा आला, फक्त नव्या अर्जांना लागू. तोपर्यंत हा अबुधाबीत. आणि स्वतः एच-वनवर येऊन, एच-वनवाल्यांच्या जिवावर कंपनी काढून आता सिटिझन झालेले दादा काय म्हणतात? "गर्दी कमी व्हायलाच हवी होती." गरज सरो, वैद्य मरो. आणि वैद्याच्या आईच्या चकल्या खा.

तर मी उठले. मला वाटलं होतं मी काहीतरी जळजळीत बोलेन. मी काय केलं? मी पण फोन काढला. माझ्याकडे एक शीट आहे. २०१९पासून. तूरडाळ, अंडी, दूध, कोथिंबिरीची जुडी. २०२५च्या मार्चमध्ये अंडी डझनाला सहा डॉलरवर गेली, ते लाल रंगात आहे. (तो बर्ड फ्लू होता हे मला माहीत आहे. तरी लाल केलंय. त्या दिवशी चिडले होते.) मी ती शीट दादांच्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "या डब्यात ४८ चकल्या होत्या, ९६ डॉलर ड्युटी. नगाला दोन डॉलर. तुम्ही पाच खाल्ल्यात. दहा डॉलर झाले."

शांतता. यजमानीणबाईंनी चहा विचारला.

गाडीत नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या डब्यात परकर-पोलकं होतं. सोऱ्या होता. अनारसे होते. सगळी ड्युटी एकट्या चकलीवर टाकलीस?"

मी म्हणाले, तू कोणाच्या बाजूने आहेस?

म्हणाला, "नाही, आकडे नीट धर एवढंच म्हणतोय. बेसिकली."

मग त्याने आणखी एक मोजून दाखवलं. त्या खोलीत आम्ही चौदा मोठी माणसं. मतदानाचा हक्क किती जणांना? तिघांना. वहिनी अजून ग्रीन कार्डवर. आमची ग्रीन कार्डच्या रांगेतली प्रायॉरिटी डेट २०१५ची, म्हणजे मत देईपर्यंत लेक निवृत्त होईल. तिघांपैकी एक दादा. आणि नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत दादांनी मत दिलंच नव्हतं, हे त्यांच्याच बायकोने स्वयंपाकघरात सांगितलं. मुलाचा सॉकर होता.

रात्री आईचा फोन. चकली खुसखुशीत राहिली का, कोणी खाल्ली का. म्हटलं, एक जण तर पाच खाऊन गेला. इतकी खूश झाली. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळा डबा भरते म्हणाली, आणि नाव विचारून घे.