क्लास घेते, पण माझं स्वतःचं विणकाम?

काल रात्री बाबांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची पाठ एकदाची पूर्ण झाली. टाके घातले होते गेल्या कोजागिरीला. एका पाठीला वर्ष होत आलं. हे मुद्दाम इथे लिहितेय, कारण या वर्षात कितीतरी जणींनी मला म्हटलंय, "तुझं बरंय गं, क्लासच विणकामाचा. बसल्या बसल्या तुझंही होत असेल."

नाही होत.

माझ्या क्लासचे दोन तास डोळ्यांसमोर आणा. सात जणी. एकीचे ४० टाक्यांचे ४६ झालेत, कारण ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढली जाते आणि एका टाक्याचे दोन दिसतात. दुसरीचा टाका चार ओळी खाली गळलाय, तो क्रोशाच्या सुईने पायरी-पायरीने वर आणायचाय. तिसरीने यूट्यूबवरचा अमेरिकन नमुना आणलाय, त्यात ६ नंबरची सुई लिहिलीय आणि दुकानदाराने तिला आपल्याकडची ६ नंबर दिलीय. तिकडची ६ म्हणजे ४ मिलिमीटर, म्हणजे आपली ८ नंबर. आपल्याकडे अजून जुने इंग्लिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. तिकडे उलटं. हे समजावण्यात वीस मिनिटं जातात, आणि ती जायलाच हवीत, नाहीतर तिच्या बाळाचा स्वेटर बाळाच्या बाबांना होईल इतका ढगळ व्हायचा. दोन तासांत माझे हात सतत विणत असतात. इथे सहा टाके, तिथे अर्धी ओळ. पण प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या सुयांवर.

मागे एकदा वाटलं, आपलंच काम क्लासला न्यावं, शिकवणंही होईल आणि स्वेटरही पुढे सरकेल. मुंढ्याची घट, म्हणजे काखेपाशी टाके कमी करणं, दाखवायची होती, बाबांच्या स्वेटरवरच दाखवली. रात्री दिव्याखाली पाठ पसरली तेव्हा पोटात धस्स झालं. बाकीचं विणकाम एकसारखं, आणि बरोबर मुंढ्यापाशी दोन ओळींचा सैल पट्टा. सगळ्यांना दिसावं म्हणून टाके सावकाश, लोकर ढिली सोडून विणले होते. हाताचा ताण बदलला की कापड लगेच सांगतं. ते धुऊन-बिऊन जाणार नव्हतं. उसवलं. घट केलेल्या ओळी उसवून टाके परत सुईवर घेताना एकेक टाका वळलेला नाही ना, हे बघत बसले.

त्या दिवसापासून माझं काम क्लासला जात नाही. दाखवायला वेगळी लोकर आणि ८ नंबरच्या सुया. पूर्वी वीस टाक्यांचे चिंधीएवढे नमुने करून टाकून द्यायचे. आता प्रत्येक नमुना ४० टाक्यांचा पुरा चौकोन करते. वेणी, जाळी, दोन सुलट-दोन उलट, जे शिकवायचं ते त्यात. एकोणीस चौकोन झालेत. जोडले की एक पांघरूण होईल, आणि त्यात एखादा सैल चौकोन असला तरी चालतो.

आणि बाबांच्या स्वेटरचा हिशेब कागदावर मांडला. ११० टाके, २५ इंच लांबी, मुंढ्यानंतर कमी होणारे टाके धरून साधारण १९ हजार टाके. मिनिटाला ३० टाके पडले तर साडेदहा तासांचं काम. साडेदहा तास! त्याला मी जवळजवळ वर्ष लावलं होतं, कारण "क्लासमध्ये होईल" या भरवशावर त्याला स्वतःचा वेळच दिला नव्हता. गणपती उठल्यावर ठरवलं, जेवणं झाली की अर्धा तास माझा. फोन आतल्या खोलीत. तोवर जेमतेम मुंढ्यापर्यंत पोचले होते, उरलेली पाठ महिन्याच्या आत झाली.

माझं ठाम मत आहे की शिकवणाऱ्या बाईचं स्वतःचं काम सुयांवर असायलाच हवं, आणि ते तिला थोडं जड जाणारं हवं. मध्यंतरी एक डावखुरी मुलगी आली. तिला समोर बसवलं की आरशासारखं दिसतं, ते सोपं. पण डाव्या हातात लोकर धरून विणणं मला येत नव्हतं, ते मी महिनाभर रात्री शिकले. बोटं आखडायची, ओळ पंधरा मिनिटं चालायची. तेव्हा मला नव्याने कळलं की नवख्या बायका सुया इतक्या घट्ट का धरतात. टाका सुटेल ही भीती असते ती. त्यानंतर मी कुणालाही "हात सैल सोडा" असं नुसतं सांगितलेलं नाही. आधी टाका मुद्दाम सोडायला लावते, मग उचलायला शिकवते.

म्हणूनच "तू विणतच असतेस, नातवाचं टोपडं करून दे ना" याला मी आता प्रेमाने नाही म्हणते. या, शिकवते, तुमच्याच हातचं घाला त्याला.

स्वेटरच्या पुढच्या बाजूचे टाके आज घातले. या वेळी १११. व्ही गळ्याला मधला एक टाका पिनेवर राहायला हवा ना. बॉर्डरच्या चार ओळी झाल्यात, आणि बाबा दोनदा येऊन बघून गेलेत.