मातीच्या घरात वाढलेली बाई

चूक माझीच. दर उन्हाळ्यात एसीचं बिल आलं की मी घरात एक भाषण करते. "आमच्या आजोळी माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर होतं. बाहेर ४२ डिग्री आणि आत माठाला टेकून बसल्यासारखं गार!" लेक हे लहानपणापासून ऐकतेय. ती आर्किटेक्चरला गेली आणि त्या भाषणाला एकदम भाव आला. मुळशीकडच्या एका गावात सगळ्यांनी मिळून मातीची खोली बांधायचं दोन दिवसांचं शिबिर होतं. माणशी दोन हजार भरून तिने दोघींची नावं घातली. अर्जात 'पूर्वानुभव' असा रकाना होता. माझ्या नावापुढे तिने लिहिलं, 'मातीच्या घरात वाढलेली'.

वाढले मी सोलापुरात, सिमेंटच्या घरात. आजोळी जायचे ते मे महिन्यात, पंधरा दिवस. तिथे सारवणाची बादली बाहेर आली की माझ्या पोटात दुखायला लागायचं आणि मामी एकटीच सगळी ओसरी सारवून काढायची. हा भाग भाषणात नसतो. ते माळवदही आता नाही. दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर दीड-दोन फूट पांढरी माती. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर मामाला त्या छताखाली झोपच येईना. त्याने माळवद उतरवून पत्रे टाकले. हेही मी सांगत नाही.

शिबिराचा म्होरक्या पंचविशीचा, डोक्यावर माझ्यापेक्षा मोठा अंबाडा. त्याने बरणीत माती आणि पाणी घालून खळाखळा हलवलं. मिनिटभरात वाळू तळाशी बसली, तिच्यावर गाळ, आणि चिकणमाती मात्र पाणी गढूळ करून तरंगतच राहिली. "चिकणमाती जास्त झाली तर भिंत भेगाळते, वाळू जास्त झाली तर भुरभुर गळते. काकू, तुमच्याकडे प्रमाण काय असायचं?" सगळे माझ्याकडे वळले. "अंदाजाने," मी म्हटलं. त्याने ते आदराने वहीत लिहून घेतलं.

मग गारा तुडवायचा. माती, वाळू, पेंढ्याचे तुकडे, शेण, सगळं आठवडाभर भिजत घातलेलं. वास असा, की दोन पावलांतच मला मामीची मनापासून माफी मागावीशी वाटली. चिखल पाय आत घ्यायला तयार, सोडायला नाही. एक पाय उपसावा तर दुसरा पोटरीपर्यंत आत. माझ्या शेजारचे बँकेतले गृहस्थ एकदा चक्क नुसता पाय घेऊन पुढे गेले, पँटचा दुमडलेला भाग गुडघ्याखाली घसरून चिखलातच अडकून राहिला.

भिंतीच्या लाकडी चौकटीत पेंढा ठासायचा होता. पेंढा चिखलाच्या पातळ पाण्यात नुसता बुचकळायचा, काडीला काडी चिकटेल इतपतच. काड्या आतून पोकळ, त्यात अडकलेली हवा उन्हाची धग आत येऊ देत नाही. आम्ही उत्साहाच्या भरात पेंढ्याला शाहीस्नान घातलं. निथळत ठेवला तो दुपारपर्यंत निथळतच होता. तेवढ्यात म्होरक्याने माहिती दिली, की वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेची पानं-काड्या मिसळलेल्या सापडल्या आहेत. तोवर पेंगत बसलेल्या दोन पोरांनी लगेच वह्या काढल्या.

गिलाव्याच्या वेळी शेजारच्या घरातल्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. स्वतःचं घर स्लॅबचं, अंगण मात्र सारवलेलं, कडेला पांढरी रेघ. मी गाऱ्याचा गोळा भिंतीवर थापला. तो क्षणभर विचार करून माझ्याच पायावर पडला.

"ताई, आधी भिंत ओली करा. कोरडी भिंत पानी पिऊन टाकती, मग गारा धरंल कशाला?"

मी पाणी मारलं. दुसरा गोळा पडला नाही, खाली सरकत गेला.

"कधी सारवलंय का?"

लेक दोन हातांच्या अंतरावर उभी. "लहानपणी..." मी म्हटलं.

मावशींनी माझा तळहात उलटा करून पाहिला, वांगं बघावं तसा. "न्हाई सारवलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक गोळा उचलून चपकन भिंतीवर मारला आणि तळव्याच्या टाचेने खालून वर एक कमान ओढली. गारा बसला. लेक भिंतीकडे न बघता माझ्याकडेच बघत होती.

"रोज किती देत्यात?" मावशींनी हळूच विचारलं.

दोन हजार भरून चिखल तुडवतेय, हे सांगायला जीभ रेटेना. एक खोटं उघडं पडलं होतंच, त्यावर मी दुसरं लिंपलं. "पाचशे."

मावशींचा चेहरा बदलला. पदर खोचून त्या थेट म्होरक्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "ए दादा, एवढ्या वयाच्या बाईला सकाळधरनं चिखलात उभं केलंय आन् पाचशेच? निदान चहापानी तरी वेगळं द्या!" अंबाडा मागे वळला. बँकेतले गृहस्थ वळले. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, हात गाऱ्याचे होते तरी.

म्होरक्या काही बोलेना, तेव्हा पुरावा म्हणून मावशींनी माझ्या भिंतीकडे बोट केलं. आणि मग त्यांनी स्वतःच तिकडे नीट पाहिलं. माझा गिलावा एव्हाना खालच्या फळीपर्यंत पोचला होता.

"म्हंजी," त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "काम बघितलं तर पाचशे बी जास्तच हायत म्हना."