‘येस्टरडे’ दिसला की भूतकाळ? त्या तक्त्यावर विसंबू नका

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि स्पर्धा परीक्षावाल्यांच्या चॅनेलवर एक तक्ता फिरत असतो. मजकूर थोडाफार बदलतो, दावा तोच: इंग्रजी वाक्यात वेळ दाखवणारा शब्द शोधा, काळ आपोआप सापडेल. येस्टरडे, अगो, लास्ट असेल तर भूतकाळ. टुमॉरो, नेक्स्ट असेल तर विल. नाऊ असेल तर आयएनजी. ऑलवेज असेल तर साधा वर्तमानकाळ. जस्ट, ऑलरेडी, येट असेल तर हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप. सिन्स, फॉर असेल तर हॅव बीन. आणि खाली ठळक अक्षरांत, हे शब्द नेहमी वाक्याच्या शेवटी येतात.

गाळलेल्या जागा भरायला हा तक्ता बऱ्यापैकी चालतो, हे मान्य. पेपर काढणारा तो शब्द इशारा म्हणूनच तिथे ठेवतो. पण बोलताना किंवा मेल लिहिताना इशारा द्यायला कुणी नसतं. शब्दही आपणच निवडायचा आणि क्रियापदही. शिवाय मराठी माणसाने तरी या दाव्याला भुलू नये. आपण ‘परवा आलो’ म्हणतो आणि ‘परवा येईन’ही म्हणतो. फोनवर ‘हा बघ, आलोच’ म्हणणाऱ्याने अजून चपलाही घातलेल्या नसतात.

आधी टुमॉरोचं बघू. ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो’ यात विल नाही, कारण वेळापत्रक ठरलेलं आहे. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ यातही नाही, कारण अपॉइंटमेंट घेऊन झाली आहे. विल मुख्यतः येतं ते अंदाज, आश्वासन किंवा त्याच क्षणी घेतलेला निर्णय सांगताना. फोन वाजला आणि तुम्ही उठता उठता म्हणालात, ‘आय विल गेट इट’. इतकंच कशाला, टुमॉरो चक्क भूतकाळी रूपाशेजारी बसतो: ‘आय थॉट यू वेअर कमिंग टुमॉरो’. पाहुणा एक दिवस आधी दारात उभा राहिला की हेच वाक्य तोंडून निघतं. तक्त्याच्या हिशेबाने ते चूक ठरेल.

नाऊची ओळ तर सरळ चुका शिकवते. ‘आय ॲम नॉट हॅविंग टाइम नाऊ’, ‘आय ॲम नोइंग हिम नाऊ’ ही वाक्यं तिचीच पिल्लं. माहीत असणं, हवं असणं, जवळ असणं ही अवस्था दाखवणारी क्रियापदं आहेत. त्यांना एरवी आयएनजी लागत नाही, मग शेजारी नाऊ असो वा नसो. ऑलवेजचं उलट: ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’ हे वाक्य बरोबर आहे. त्यात बोलणाऱ्याचा वैताग आहे, जो साध्या वर्तमानकाळात उतरत नाही.

जस्ट, ऑलरेडी, येट यांच्यामागे हॅव हवंच, हा ब्रिटिश वळणाचा नियम आहे. अमेरिकेत ‘डिड यू ईट येट?’ आणि ‘आय जस्ट एट’ सर्रास चालतं. तिकडे राहणारी भाचे कंपनी असं बोलते म्हणून त्यांचं व्याकरण बिघडलं असं समजू नये. आपल्याकडच्या पेपरात मात्र हॅव लिहिलेलं बरं. पण ‘जस्ट नाऊ’चा अर्थ ‘नुकताच’ असेल तर ब्रिटिश इंग्रजीतही साधा भूतकाळच येतो: ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते येस्टरडेच्या ओळीत. ‘भूतकाळ’ म्हटलं, पण कोणता? आपण मराठीत म्हणतो, ‘मी काल तुम्हाला मेल पाठवला होता.’ तो ‘होता’ तसाच इंग्रजीत उतरतो आणि ‘आय हॅड सेंट यू द मेल येस्टरडे’ तयार होतं. असली वाक्यं ऑफिसच्या मेलमध्ये हरघडी भेटतात. ज्याची मायबोली इंग्रजी आहे तो हे वाचून थबकतो. हॅड सेंट म्हणजे कशाच्या आधी? पुढे दुसरी घटना येणार असं त्याला वाटतं आणि वाक्य तर तिथेच संपलेलं असतं.

हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ मध्ये ही गोष्ट फार सुटसुटीत मांडली. क्रियापदाच्या काळामागे तीन बिंदू असतात: घटना घडली तो, आपण बोलतोय तो आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे बघतोय तो. ‘आय सेंट’मध्ये आपण घटनेजवळच उभे असतो. ‘आय हॅव सेंट’मध्ये आजच्या क्षणी उभं राहून मागे बघतो. ‘आय हॅड सेंट’मध्ये आपण भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या ठिकाणी उभे असतो आणि तिथून आणखी मागे बघतो. ‘व्हेन आय रीच्ड ठाणे, द लोकल हॅड लेफ्ट’. ठाण्याला पोचलो हे ते उभं राहण्याचं ठिकाण. ते नसेल तर हॅड अधांतरी लोंबकळतो.

मराठी ‘होतो’ मात्र वेगळंही काम करतो. ‘काल मुंबईला गेलो’ आणि ‘काल मुंबईला गेलो होतो’ यांतल्या दुसऱ्या वाक्यात परत आलो हेही येऊन जातं. इंग्रजीत एवढ्यासाठी हॅड लागत नाही, ‘आय वेंट टू मुंबई येस्टरडे’ पुरतं.

अगो आणि बिफोरचा घोळही इथलाच. ‘तीन दिवसांपूर्वी’चं आपण ‘बिफोर थ्री डेज’ करतो. अगो मोजतात आत्तापासून: ‘आय मेट हिम थ्री डेज अगो’. भूतकाळातल्या एखाद्या दिवसापासून मागे मोजायचं असेल तर बिफोर, आणि तोही आकड्यानंतर: ‘ही कॉल्ड ऑन संडे, बट आय हॅड मेट हिम थ्री डेज बिफोर’.

सिन्स आणि फॉर एकाच ओळीत कोंबल्यामुळे ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ जन्माला येतं. सिन्सला सुरुवातीचा क्षण हवा, फॉरला कालावधी, म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’. पण फॉर दिसला की हॅव, हेही खरं नाही. मुलाखतीत ‘आय वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स’ म्हणालात तर समोरच्याला कळतं की ती नोकरी सुटली. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणालात तर अजून तिथेच आहात. दोन्हीकडे फॉर टेन इयर्स आहेच, नोकरी आहे की नाही ते सांगितलं क्रियापदाने.

राहिला ‘नेहमी वाक्याच्या शेवटी’ हा दावा. येस्टरडे, टुमॉरो बहुधा शेवटी येतात, आणि मराठीच्या उलट आधी ठिकाण मग वेळ असा क्रम असतो. पण जोर द्यायचा असेल तर तेही बिनदिक्कत सुरुवातीला जातात. ऑलवेज, ऑफन, नेव्हर यांची नेहमीची जागा मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी आणि इज-आर-वॉजच्या नंतर: ‘ही ऑलवेज कम्स लेट’, ‘ही इज ऑलवेज लेट’. येट शेवटी शोभतो, स्टिल नकाराच्या आधी. बँकेला कार्डाबद्दल लिहिताना ‘आय हॅवन्ट रिसीव्ड इट येट’ ही नुसती माहिती झाली. ‘आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ड इट’ म्हटलं की तक्रार झाली.