तीस सेकंदांत एकच आवाज

उन्हं कलली की जळगावात आमचा कट्टा भरतो. परवा विषय निघाला तो बापूचा. सहा वर्षं तो मंडळाच्या कबड्डी संघाचा सहायक प्रशिक्षक होता, या महिन्यापासून मुख्य झाला.

"काम तेच भो, फक्त सही आता तुझी," आबा म्हणाला. "माले तं काहीच फरक दिसत नही."

मला हे अजिबात पटलं नाही. डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या पोराला घोट्याची पकड बापूनेच शिकवली. संघाबाहेर बसलं की ते पोरगं बापूकडेच यायचं, "सरांना सांगा ना." यंदा बारा जणांची यादी बापूने लावली, त्यात ते नाही. काल त्याने कट्ट्यावर बापूला पाहिलं आणि सायकल मागच्या मागे वळवली.

आबा मागे हटेना. "फुटबॉलचा तो प्रशिक्षक स्कालोनी बघ. 2018 ला अर्जेंटिनाचा सहायक, 2022 ला विश्वविजेता!"

माझं म्हणणं, पुरतं बघ ना. सौदीकडून 2-1 हरल्यावर मेक्सिकोविरुद्ध त्याने पाच खेळाडू बदलले. सहायक असता तर नावं सुचवून मोकळा झाला असता. मुख्य म्हटल्यावर त्या पाच जणांना बसवायची जबाबदारी त्याचीच. आणि शेजारी घेतले कोण? ऐमार, सॅम्युएल, आयाला. तिघेही खेळाडू म्हणून त्याच्यापेक्षा मोठे. त्याचं चुकलं तर तोंडावर सांगतील असे.

बापू इतका वेळ गप्प होता. मग पहिल्या सामन्याचं सांगायला लागला. एका डावात टाइमआऊट दोन, प्रत्येकी तीस सेकंदांचे. याला सवय सरांच्या कानात सांगायची, त्यामुळे तो लगेच बोललाच नाही. तेवढ्यात कर्णधार बोलला, नवा मदतनीस बोलला, मग हाही बोलला. शिट्टी झाली तेव्हा सातही पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

"तिथं एकच आवाज पाहिजे होता. माझा," बापू म्हणाला.

आबाने लगेच धरलं, "मग सहायक ऐकणारा घे."

मी म्हटलं, मैदानावर ऐकणारा आणि रात्री भांडणारा घे. सहा वर्षं तू सरांशी तसाच भांडलास, म्हणून तर संघ उभा राहिला.

यावर आमची चांगलीच जुंपली. बापूने मात्र चहा अर्धाच ठेवला.

"ते नंतर बघू. आधी त्या पोराच्या घरी जाऊन येतो. यादीत का नाही, ते त्याला माझ्याच तोंडून कळायला पाहिजे होतं."