सोपी वाट, सासरे सोबत

फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘निसर्गवाट. लांबी २ किलोमीटर. एकूण चढ १२ मीटर. सोपी. सर्व वयोगटांसाठी.’ यातल्या ‘सोपी’वर विसंबून मी घराबाहेर पडलो होतो. डोंगरबिंगर चढायच्या भानगडीत मी पडत नाही. पण सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं तर ‘काही नाही, जरा ट्रेकला गेलो होतो’ असं सहज म्हणून टाकायची हौस मात्र दांडगी. त्या हौसेपायी घोट्यापर्यंत येणारे बूट घेतले, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे घेतले आणि दुमडून पिशवीत मावणाऱ्या दोन काठ्या घेतल्या.

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याचा हिशेब घालून दिला आहे. तीन मैलांना एक तास, वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने आमची वाट जेमतेम सव्वीस मिनिटांची निघाली. आम्हाला अडीच तास लागले. नाइस्मिथसाहेबांचं गणित चुकलं असं मी म्हणणार नाही. ते सासऱ्यांना बरोबर नेत नसावेत, एवढंच.

मामा, म्हणजे माझे सासरे, यांनी चाळीस वर्षं शेती केली. आणि ही वाट ज्या जमिनीतून जाते तिथे एकेकाळी शेतीच होती. मग ती थांबली, कुणी फिरकलं नाही, रान माजलं. या माजलेल्या रानाला आता निसर्ग म्हणतात आणि तो बघायला माणसं नवे बूट घेऊन येतात. हे सगळं मामांना आधी नीट समजावायला हवं होतं. ‘मोकळ्या हवेत पाय मोकळे करून येऊ’ एवढंच सांगून मी त्यांना आणलं.

फाटकापासून शंभर पावलांवर ते थांबले. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी चौफेर नजर फिरवली.

“जावईबापू, मालक वारला का?”

“कुठला मालक?”

“या शेताचा.”

“नाही मामा, हे मुद्दाम असं ठेवलंय.”

“मुद्दाम?” त्यांनी मुलीकडे पाहिलं. जावयाच्या तब्येतीबद्दल आपल्याला कुणी काही कळवलं कसं नाही, अशा नजरेने.

बायको वाटेतली एकही पाटी सोडत नाही, आणि मनात वाचत नाही. पहिल्या पाटीवर पडीक जमिनीचं जंगल कसं होतं ते दिलं होतं. आधी एका हंगामाची तणं, मग बारमाही गवतं, मग झुडपं, मग उन्हाला हपापलेली झाडं, आणि सगळ्यांत शेवटी सावलीत वाढणारी.

“यात शास्त्र कसलं?” मामा म्हणाले. “आळशी माणसाच्या शेतात जा. सगळं दिसतं. पाटी न लावता.”

पुढच्या पाटीवर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडची हकीकत होती. तिथे १८८२ मध्ये उभ्या गव्हाच्या शेताचा एक तुकडा न कापता, न नांगरता तसाच सोडून दिला. काही वर्षांतच गहू नाहीसा झाला आणि पुढे त्या जागी दाट झाडी उभी राहिली. हे मात्र मामांना पटलं. “गहू लाडावलेलं पोर आहे. सांभाळणाऱ्याने पाठ फिरवली की संपला.” हे बोलताना त्यांची नजर माझ्या दुमडत्या काठ्यांवर का गेली, ते मी विचारलं नाही.

तोवर माझं लक्ष पायांकडे गेलं होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना कुसळी गवत होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण ज्याने केली त्याने लांब मोजे घातलेले नसणार. कुसळ दिसत नाही, कळतं. त्याची रचना मोठी हुशार आहे. बियाला पुढे सुईसारखं टोक आणि मागे लांब शेपटी. ती शेपटी ओली झाली की उलगडते, सुकली की पीळ खाते, आणि या पिळाच्या जोरावर बी स्वतःहून जमिनीत घुसतं. माझा मोजा घामाने ओला होत होता, वाऱ्याने सुकत होता. थोडक्यात, माझ्या पोटरीत पेरणी चालू होती. मामांच्या पायांत साध्या चपला आणि वर उघडे पाय. त्यांना एक कुसळ लागेल तर शपथ!

मी वाकून कुसळं उपटत असताना एक बाई बाबागाडी ढकलत पुढे गेल्या. वाट गोल असल्यामुळे काही वेळाने त्या पुन्हा मागून आल्या आणि पुन्हा पुढे गेल्या. दुसऱ्या वेळी बाळाने मला ओळखलं.

सरळ उभा राहून पाहतो तर मामा गायब. मागे वळलो. ते ‘कृपया काहीही तोडू अथवा उपटू नये’ या पाटीच्या बरोबर खाली उकिडवे बसून मन लावून तण उपटत होते. शेजारी व्यवस्थित ढीग लावलेला. कुणाची तरी दोन पोरं मदतीलाही आली होती.

“मामा, पाटी!”

“पाटीभोवतीचंच काढतोय. वाचता नको यायला?”

अर्ध्या वाटेवर दगडांची मोठी रास लागली. ‘सरड्यांचा व सापसुरळ्यांचा अधिवास’, बायकोने वाचलं. मामा राशीजवळ गेले.

“रास नाही ही. वेचलेले दगड आहेत. दर नांगरटीला नवे वर येतात. वेचायचे, बांधावर टाकायचे. पुढच्या वर्षी परत.” त्यांनी राशीवर हात ठेवला. “हे एका माणसाचं काम नव्हे. बापाने निम्मी केली असेल.”

एक दगड घरंगळून वाटेवर आला होता. तो उचलून त्यांनी परत राशीवर बसवला. फटीतून एक सरडा बाहेर आला, मामांकडे बघून पुन्हा आत गेला. बायकोने फोटोसाठी काढलेला फोन आत ठेवला. पुढची दोन वळणं आम्ही पाटी न वाचता चाललो.

मग तिसरा बांध आला. “इथं पाणी तुंबतंय, कडेकडेने या,” मामा म्हणाले. मी म्हटलं, “मामा, या बुटांच्या तळव्याला खास पकड आहे.” पकड खरोखरच होती. चिखलाने बूट असा पकडून ठेवला की पुढे फक्त मी गेलो. जिथे बसलो ती जागा, मामांच्या मते, भातासाठी उत्तम होती.

बाबागाडी तेवढ्यात तिसऱ्यांदा आली.

फाटकाशी अभिप्रायाची वही होती. लोकांनी ‘मन प्रसन्न झाले’, ‘अप्रतिम शांतता’ असं काय काय लिहिलं होतं. मामांनी चष्मा लावून लिहिलं : ‘तिसऱ्या बांधाला पाणी काढून द्या. तण फुलावर यायच्या आत काढा. दगडांना हात लावू नका.’

घरी बाल्कनीत मोजे काढले. कुसळांबरोबर काटेरी बोंडंही निघाली. कुणी त्यांना गोखरू म्हणतं, कुणी शंकेश्वर. त्यांच्याबद्दल शेवटच्या पाटीवर वाचलं होतं : प्रत्येक बोंडात दोन बिया असतात, एक लवकर उगवते आणि दुसरी बहुधा पुढच्या सालासाठी दबा धरून बसते. मी सगळं झटकून टाकलं. शेजारीच एक रिकामी कुंडी होती.

काही महिन्यांनी मामा आले तेव्हा कुंडीत हातभर, खरखरीत पानांचं एक झाड डोलत होतं. मी त्याला रोज पाणी घालत होतो.

“हे काय?”

“आपोआप आलंय, मामा. म्हटलं, निसर्ग आहे, राहू दे.”

मामांनी बुडाशी धरून ते मुळासकट उपटलं, माती झटकली आणि हात धुवायला निघाले.

“दुसरं पुढच्या वर्षी येईल,” आतून आवाज आला. “तेव्हा बोलवा.”