पाच जीव आणि परकं बोट

घरच्या ग्रुपवर भाचीने ‘कँडी क्रशने मला काय शिकवलं’ अशी यादी टाकली होती. संयम ठेवा, पुढच्या चार चालींचा विचार करा, हरलात तरी हसत राहा. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी हात जोडले नाहीत. ही यादी लिहिणाऱ्याने फोंडा-पणजी बसमध्ये बसून हा गेम खेळलेला नाही, हे मला पहिल्याच ओळीत कळलं.

परवाचीच गोष्ट. बस भोमला अडकली होती. भोमला बस अडकते, त्यात बातमी काही नाही. माझ्याकडे शेवटचा जीव, चाली दोन, आणि पडद्यावर एक चॉकलेटी गोळा, रंगीत ठिपक्यांचा. त्याच्यापासून एक घर सोडून पट्ट्यांची लाल गोळी. न खेळणाऱ्यांसाठी सांगते, हे दोघे शेजारी येऊन भिडले की पडद्यावरच्या सगळ्या लाल गोळ्या पट्ट्यांच्या होतात आणि एकामागून एक फुटतात. एका चालीत त्यांना शेजारी आणायचं, दुसऱ्या चालीत भिडवायचं. आठवडाभर मी ह्याच पातळीवर बसले होते.

“अगो बाय, तो तांबडा घे.”

शेजारचे काका. पांढरा शर्ट, खिशात पेन, मांडीवर पिशवी. फोंड्याला चढल्यापासून त्यांची मान माझ्या फोनवर होती. मी फोन जरा खिडकीकडे वळवला. मानही वळली.

“काका, तो नंतर घ्यायचाय.”

“नंतर कित्याक? आता मेळता तो आता घेवचो.”

“त्याला दुसऱ्याशी जोडायचंय.”

“अगो, आमी उसगावचे. आमचे तीन टिप्पर होते खाणीवर. बाराच्या सालात लोक म्हणाले, आत्ताच विका. मी म्हटलं, थांबू, भाव येईल.” ते थांबले. “भाव आला?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग?”

आणि बोट आलं. विचारून नाही, सांगून नाही. नखाला चुना लागलेलं ते बोट माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावर टेकलं आणि चॉकलेटी गोळा शेजारच्या साध्या लाल गोळीवर सरकवून मोकळं झालं. लाल गोळ्या फुटल्या. माझी जपलेली पट्ट्यांची गोळीही त्यांच्यातच गेली, एक आडवी ओळ साफ करून. जी साफ करायची ती जेली होती तिथेच राहिली. उरलेल्या एका चालीत कुणाच्या बापाला जमलं नसतं. फुटक्या काळजाचं चित्र आलं.

“पळय! सगळे तांबडे गेले!” काका खूश.

मला खरंच राग आला. अजून आहे. घरी माझ्या चहाच्या कपात कुणीही घोट घेतं, ऑफिसात माझ्या टेबलावरचं स्टेपलर सगळ्यांचं, रविवारी मासे कुठले आणायचे हे मला सोडून सगळे ठरवतात. ह्या बसमधला पाऊण तास आणि ही तळहाताएवढी काच, एवढंच माझं. तिथेही सल्लागार. आणि पलीकडच्या सीटवरचा मुलगा त्याच्या गेममध्ये बंदुकीच्या गोळ्या झाडत होता, त्याच्या फोनला बोट लावायची हिंमत कुणाची झाली नाही, हेही मी बघून ठेवलं.

“आता काय?” काकांनी विचारलं.

“आता अर्धा तास थांबायचं.”

“कित्याक?”

“जीव यायला.”

काकांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं. कंडक्टर सुट्टे मोजायचा थांबला. पुढच्या बाईंनी मान वळवून विचारलं, “बरं नाही का हो?” मग सगळ्या बसला समजावणं आलं. पाच जीव असतात, हरलं की एक जातो, तो अर्ध्या तासाने परत येतो. मागचा कॉलेजचा मुलगा म्हणाला, “आँटी, फोनची तारीख पुढे ढकला, लगेच येतात. पण परत मागे आणली तर मग गेम दिवसच्या दिवस थांबवून ठेवतो हां.”

“तारीख ढकलून काय्येक जायना,” काका एकदम गंभीर झाले. “बारात खाणी बंद झाल्या, म्हणाले पुढच्या वर्षी. चालू झाल्या, अठरात परत बंद, म्हणाले पुढच्या वर्षी. टिप्पर दारात गंजला.”

आता ह्यावर काय बोलणार? रागावायचं राहूनच गेलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. योगायोग असा, की हा गेमही २०१२ चाच. एप्रिलात फेसबुकवर आला, नोव्हेंबरात फोनवर. मधल्या सप्टेंबरात आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. पण गोळ्यांची खाण जोरात चालली आहे: १५ हजारांवर पातळ्या, आणि दर आठवड्याला नवं खोदकाम. हरताना नेमकं मिठाई दाखवून विचारतात, सोन्याच्या विटा देऊन आणखी पाच चाली घेता का? विटा संपल्या की खऱ्या पैशांनी घ्या. भाचीच्या यादीत हे नव्हतं.

बाणस्तारीचा पूल गेला तसा काकांनी खिशातून फोन काढला. “हांगा घाल बाय तो गेम.”

मी घालून दिला. टाळायला माझ्याकडे जीवही नव्हता. पहिल्या पातळ्या अशा असतात की फोन उशीखाली ठेवून झोपलात तरी पार होतील. फोनमधला बाप्या घोगऱ्या आवाजात “स्वीट!” म्हणाला, काकांनी वळून बसभर नजर फिरवली. जुनं गोवं येईपर्यंत दुसरी, तिसरी. रायबंदरला सहावी. मी दिलेला एक सल्ला त्यांनी हात आडवा करून परतवला.

पणजीला, पाटोच्या स्टँडवर बस लागली. उठता उठता त्यांनी विचारलं, “तू कितव्यावर गो?”

मी आकडा सांगितला. चार अंकी आहे, खोटं कशाला बोलू.

“इतकी वर्सां खेळता आनी अजून सोंपयलां ना?”

कंडक्टर हसला. मागचा मुलगा हसला. पुढच्या बाई, ज्यांना माझ्या जिवाची काळजी होती, त्याही हसल्या.